रानभाजीच्या पाककृतीचा हरवलेला पूर्वार्ध : मराठी पाकलेखनाची एक चिकित्सा

प्रस्तावना :

मराठीत पाककृतींचे लेखन विपुल आहे. परंतु त्याची चिकित्सा फारशी झालेली नाही. पाककृती हा केवळ उपयुक्त मजकूर मानला जात असल्याने तिची रचना, तिच्यातील गृहीतके आणि तिने गाळलेले तपशील यांकडे समीक्षेचे लक्ष जात नाही. गेल्या दोन-तीन दशकांत या लेखनात एका नव्या शाखेची भर पडली आहे. ती म्हणजे रानभाज्यांविषयीचे लेखन. पावसाळा सुरू झाला की वृत्तपत्रांतून रानभाज्यांची सदरे येतात, ९ ऑगस्टच्या जागतिक आदिवासी दिनाच्या सुमारास ठिकठिकाणी रानभाजी महोत्सव भरतात, त्या निमित्ताने माहितीपुस्तिका निघतात आणि महाविद्यालयांतील वनस्पतिशास्त्र व गृहविज्ञान विभागही प्रदर्शने भरवितात. या उपक्रमांमागील हेतू स्वागतार्ह आहे, याविषयी दुमत नसावे. प्रश्न या लेखनाच्या स्वरूपाचा आहे.

रानभाजीची पाककृती दोन भागांची असते. वनस्पती ओळखणे, तिची योग्य अवस्था पाहून खुडणे, तिच्यातील कडू, खाजरी वा विषारी द्रव्ये काढून ती खाण्याजोगी करणे हा पूर्वार्ध. आणि फोडणी, मीठ, तिखट, खोबरे हा उत्तरार्ध. मराठीतील बहुतांश रानभाजी-लेखन केवळ उत्तरार्ध लिहिते. पूर्वार्ध ज्यांच्याकडे आहे त्या स्त्रियांची नावे आणि त्यांचे ज्ञान, दोन्ही या लेखनातून निसटतात. ही उणीव वाङ्मयीन तर आहेच, शिवाय ती आरोग्याची आणि न्यायाचीही आहे, हे दाखविण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

'रान' या शब्दाची व्याप्ती :

चिकित्सेचा आरंभ शब्दापासून करणे इष्ट ठरेल. रानभाजी म्हणजे जंगलातील भाजी, असा अर्थ बहुतेक पुस्तिकांच्या पहिल्याच परिच्छेदात दिलेला असतो. कोकणातील वा सातपुड्यातील वाचकाला तो पटेल. परंतु पश्चिम महाराष्ट्रात व मराठवाड्यात 'रानात गेलो' म्हणणारा शेतकरी जंगलात नव्हे, स्वतःच्या शेतात गेलेला असतो. नांगरलेली, पेरलेली जमीनही तेथे रानच. मराठीतील 'रान' हा शब्द असा जंगल आणि शेत या दोहोंवर पसरलेला आहे आणि रानभाज्यांचे वास्तवही तसेच आहे. शेवळे, चाई, कडूकंद, कुड्याची फुले ही जंगलाची व डोंगरउताराची देणगी होय. उलट पाथरी, घोळ, तांदुळजा, केना, कुर्डू या भाज्या पिकात, बांधावर, पडीक तुकड्यात उगवतात. शेतीशास्त्राच्या भाषेत त्या तण आहेत. खुरपणीला गेलेली बाई जे उपटते, त्यातलेच कोवळे निवडून ती ओटीत घेते आणि संध्याकाळी त्याची भाजी होते. खुरपणी ही येथे पाककृतीची पहिली पायरी असते.

हा अर्थभेद केवळ कोशातला नाही. रानभाजी म्हणजे जंगलाची भाजी, एवढेच मानल्यास तिच्या ऱ्हासाचे कारण केवळ जंगलतोड ठरते. प्रत्यक्षात बांधावरच्या भाज्यांवर आलेले संकट वेगळे आहे. तणनाशकांचा वापर वाढला, मजुरीअभावी खुरपणी मागे पडली आणि बांध अरुंद होत गेले. एकाच फवारणीत तण गेले आणि भाजीही गेली. शिवाय फवारलेल्या रानातून खुडलेली भाजी खाण्यास सुरक्षित आहे काय, हा नवाच प्रश्न उभा राहिला आहे. घोळ व केना यांच्या पाककृती देताना ती कोणत्या शेतातून घ्यावी व कोणत्या शेतातून घेऊ नये, हे सांगणारे वाक्य मात्र अपवादानेच आढळते.

भूक आणि आरोग्य : दोन चौकटी :

रानभाज्यांविषयीचे लेखन प्रामुख्याने दोन चौकटींतून झाले आहे. पहिली चौकट भुकेची. १८९९-१९०० च्या भीषण दुष्काळानंतर जी. ए. गॅमी यांनी मुंबई इलाख्यात दुष्काळ व टंचाईच्या काळात खाल्ल्या जाणाऱ्या वनस्पतींवरील टिपण १९०२ साली प्रसिद्ध केले. नोंद म्हणून ते मोलाचे आहे. परंतु त्याचा दृष्टिकोन प्रशासनाचा आहे. धान्य संपल्यावर प्रजा काय खाते, हा त्यातील प्रश्न. रानभाजी येथे अन्नाची जागा घेणारा निरुपायाचा पदार्थ ठरते. ज्या समाजांच्या आहारात ती दरवर्षी, सुकाळातही, ठरलेल्या नक्षत्रावर येते, त्यांचा आहार या चौकटीत मावत नाही.

दुसरी चौकट आरोग्याची आहे आणि आज तीच प्रभावी आहे. लोह, कॅल्शियम, जीवनसत्त्वे, तंतुमय घटक यांची यादी, 'सेंद्रिय' व 'नैसर्गिक' ही विशेषणे आणि मधुमेहापासून सांधेदुखीपर्यंतच्या उपयोगांची जंत्री, असा या लेखनाचा साचा ठरून गेला आहे. भूक गेली आणि तिच्या जागी पोषण आले, एवढाच बदल झाला. या दोन्ही चौकटींत रानभाजी खाणारा समाज अनुक्रमे गरजू आणि निरोगी असतो. कुशल मात्र कोठेच नसतो.

याला तिसरी, जुनी चौकट जोडता येईल, ती व्रतांची. भाद्रपद शुद्ध पंचमीला, ऋषिपंचमीस, बैलाच्या कष्टाचे अन्न न खाण्याचा नेम अनेक घरांत पाळला जातो व त्या दिवशी ऋषीची भाजी होते. गोव्यात चतुर्थीला गणपतीवर बांधल्या जाणाऱ्या माटोळीत रानातील फळे-फुले टांगली जातात आणि पावसाळ्यात तायकिळ्याची भाजी घरोघरी होते. सवर्ण मध्यमवर्गाच्या स्मरणात रानातील अन्नाचा एक धागा या आचारांनी टिकविला. मात्र ही स्मृती वर्षातून एका दिवसापुरती आहे आणि आज शहरात ऋषीच्या भाजीचे जिन्नस बाजारातूनच येतात. व्रताने भाजीचे नाव टिकविले. ती ओळखण्याची नजर टिकविली असे म्हणता येत नाही.

मापाचा प्रश्न :

मराठी पाकलेखनाची परंपरा दीर्घ आहे. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे 'गृहिणी-मित्र अथवा एक हजार पाकक्रिया' हे पुस्तक १९१० साली निघाले. कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' १९७० साली आले आणि त्याने पिढ्यान्‌पिढ्यांना स्वयंपाक शिकविला. 'रुचिरा'चे मोठे श्रेय मापाचे आहे. वाटी आणि चमचा ही घरोघरी असलेली मापे वापरल्याने नवशिक्या गृहिणीस पाककृती हमखास साधता येऊ लागली. सासू-आईच्या हातातले ज्ञान छापील पानावर आणण्याचे हे काम लहान नव्हे.

परंतु या यशाची एक मर्यादा आहे. वाटी-चमच्याची पद्धत जिन्नस सर्वत्र व सर्वकाळ सारखाच असतो, असे गृहीत धरते. एक वाटी तूरडाळ मुंबईत आणि नागपुरात सारखीच. रानभाजीला हे गृहीत लागू होत नाही. टाकळा पहिल्या पावसानंतर कोवळा असताना खाण्याजोगा असतो. मोठा होऊन फुलावर आल्यावर तोच राठ व कडवट होतो. कुर्डू तुरा येण्याआधीच खुडावी लागते. शेवळे जमिनीतून वर येतात तो काळ मोजक्या दिवसांचा. म्हणजे येथे खरे माप वजनाचे नसून वयाचे आहे. 'कोवळी पाने दोन वाट्या' असे लिहून लेखक मोकळा होतो. परंतु कोवळेपण कशावरून ओळखावे, नखाने देठ तुटतो की सोलावा लागतो, पान उमलले आहे की मिटलेले, हे लिहीत नाही. पाककृतीतील सर्वांत अवघड माप अशा रीतीने एका विशेषणात उरकले जाते. वाटी-चमच्याची चौकट रानभाजीवर जशीच्या तशी लादल्याने हे घडले आहे.

विष उतरविण्याची विद्या :

पूर्वार्ध गाळल्याचा परिणाम कंद आणि फुले यांच्या बाबतीत सर्वांत गंभीर ठरतो. शेवळ्यांचे उदाहरण पाहू. सुरणाच्या कुळातील या वनस्पतीत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात व त्यांमुळे घशाला तीव्र खाज सुटते. म्हणून वरची साल व आतील पिवळसर भाग काढून शेवळे चिरावी लागतात आणि काकड या झाडाच्या आंबट फळांच्या रसात किंवा चिंचेत शिजवावी लागतात. मुंबई, ठाणे, रायगड परिसरात पावसाच्या तोंडावर आदिवासी स्त्रिया शेवळ्यांच्या जुड्या विकायला आणतात, तेव्हा सोबत काकडेही ठेवलेली असतात. चांद्रसेनीय कायस्थ प्रभू, पाठारे प्रभू आदी ज्ञातींच्या घरांत शेवळे कोलंबी वा खिमा घालून मानाने केली जातात. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, शेवळ्यांवर इलाज म्हणून काकड आणून देणारी बाई ही केवळ पुरवठादार नाही. पाककृतीचा अर्धा भाग तिच्या टोपलीत आहे. ज्ञातिविशिष्ट 'खासियत' म्हणून ही पाककृती छापली जाते, तेव्हा हा अर्धा भाग श्रेयाविना राहतो.

कडूकंदाची रीत याहून कष्टाची. कंदाच्या पातळ चकत्या करून त्या राखेसह उकडतात, मग टोपलीत घालून ओढ्याच्या वाहत्या पाण्यात बराच काळ ठेवतात. कडवटपणा गेला की नाही हे चाखून ठरवितात. राख, उष्णता, वाहते पाणी आणि वेळ या चारांचा मेळ घालणारी ही प्रक्रिया होय. प्रयोगशाळेतील निष्कर्षणाची पद्धत शिकविणाऱ्या अध्यापकास तिचे तर्कशास्त्र ओळखीचे वाटावे. कुड्याची पांढरी फुले उकडून, पिळून, कडू पाणी टाकून मगच फोडणीला घालतात. चाईचा फुलोरा भाजीसाठी वापरतात आणि तिचा कंदही खाल्ला जातो. पण दोहोंचे हंगाम निराळे, सिद्धता निराळी.

ही विद्या पुस्तकी अभ्यासाने सहज हाती येत नाही, याला मराठी साहित्याच्या इतिहासातच एक दाखला आहे. मध्य प्रदेशातील आदिवासी भागात संशोधन करीत असताना विषारी सुरण खाण्यात आल्याने दुर्गाबाई भागवतांना दीर्घकाळ अंथरुणास खिळून राहावे लागले. पुढे 'ऋतुचक्र' लिहिणाऱ्या, 'खमंग'मध्ये पाककृती व लोकसंस्कृती यांची सांगड घालणाऱ्या विदुषीच्या आयुष्यातील ही घटना रानभाज्यांच्या प्रत्येक लेखकाने ध्यानात ठेवावी अशी आहे. 'धुऊन, चिरून शिजवावे' या तीन क्रियापदांत जे लेखन कंदाची पाककृती संपविते, ते अपुरे आहे एवढेच म्हणून भागणार नाही. ते धोकादायक आहे.

नावांचा गोंधळ :

पूर्वार्धातील पहिली पायरी ओळखण्याची. येथे बोलीभाषांचे वैभव हीच अडचण होते. कोकणातील टाकळा विदर्भ-मराठवाड्यात तरोटा वा तरवटा, गोव्यात तायकिळो. नावे तीन, वनस्पती एक. उलट तरवड हे नाव तरवट्याशी मिळतेजुळते असले, तरी ते पिवळ्या फुलांचे वेगळे झुडूप आहे. कुडा म्हणावा तर पांढरा, काळा व तांबडा असे भेद आहेत व ते एका प्रजातीतलेही नाहीत.

हा गोंधळ कोठवर नेऊ शकतो, हे टाकळ्याचा जवळचा नातलग असलेल्या कासविंद्यावरून कळते. दोन्ही एकाच प्रजातीतील व पडीक जागी शेजारीशेजारी वाढणाऱ्या वनस्पती. टाकळ्याच्या संयुक्त पानात बहुधा तीन जोड्या बोथट टोकाच्या पर्णिकांच्या असतात. कासविंद्याच्या पर्णिका अधिक जोड्यांत व टोकदार असतात. पश्चिम उत्तर प्रदेशात लहान मुलांमध्ये यकृत, स्नायू व मेंदू यांवर आघात करणाऱ्या, अनेकदा प्राणघातक ठरलेल्या आजाराचा संबंध कासविंद्याच्या बिया खाण्याशी असल्याचे २००० नंतरच्या दशकातील संशोधनाने पुढे आणले. असे असता, पुस्तिकेत टाकळ्याचे नाव देऊन शेजारी वाटीतल्या शिजलेल्या भाजीचे छायाचित्र छापण्याने काय साधते? शिजलेल्या टाकळ्यावरून टाकळा ओळखता येत नाही. बोलीनाव, जिल्हा, शास्त्रीय नाव आणि जिच्याशी गफलत होऊ शकते त्या वनस्पतीचा उल्लेख, या चार गोष्टी एकत्र दिल्याशिवाय रानभाजीची नोंद पूर्ण मानता येणार नाही.

भाजीची मालकी :

पाकलेखनात हक्काचा विषय कशाला, असा आक्षेप येऊ शकतो. त्याचे उत्तर मोहाच्या फुलाने द्यावे. चैत्राच्या सुमारास पहाटे झाडाखाली पडणारी ही रसाळ फुले वेचून वाळवितात. ती उकडून, भाजून, पिठात मिसळून खाल्ली जातात. मोह हे अन्न आहे. परंतु ब्रिटिश सरकारने त्याच्याकडे दारूचा कच्चा माल म्हणून पाहिले आणि १८९२ च्या मोहफूलविषयक कायद्याने ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत ही फुले गोळा करण्यावर व बाळगण्यावर बंधने आणली. एका समाजाचे उन्हाळ्यातील अन्न असे संशयाच्या कक्षेत गेले. स्वातंत्र्योत्तर काळातही अबकारी नियमांचा हा वारसा दीर्घकाळ चालला. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली मोहफुलांवरील निर्बंध शिथिल केले. आज महोत्सवांत मोहाचे लाडू कौतुकाने विकले जातात. या लाडवाच्या पाककृतीत गुळाचे प्रमाण असते. हे फूल वेचणे कधीकाळी गुन्हा होता, याची नोंद नसते.

२००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपज गोळा करण्याचा, वापरण्याचा व विकण्याचा वननिवासींचा हक्क मान्य केला असून त्याच्या व्याख्येत मुळे व कंद यांचा स्पष्ट उल्लेख आहे. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा या गावास २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाले. म्हणजे कंदाची पाककृती ही आज कायद्याने मान्य केलेल्या एका हक्काशी निगडित आहे. याच जागी मागणीचाही विचार करावा लागतो. फोडशीची पाने खुडली तरी जमिनीखालचे मूळ पुन्हा फुटते. परंतु त्याच प्रजातीतील सफेद मुसळीच्या औषधी मुळांना भाव आला तेव्हा रोपेच खणून काढली गेली व जंगलातील तिचे प्रमाण घटले. भाजीसाठी खुडणे आणि बाजारासाठी उपटणे यांतील फरक खुडणारीला ठाऊक असतो. लेखनाने मागणी वाढवायची आणि हा फरक मात्र सांगायचा नाही, हे जबाबदारीचे लक्षण नव्हे.

पर्यायी लेखनाची शक्यता :

पाककृतीत समाज मावत नाही, असे कोणी म्हणेल. शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म' (२०१५) हे त्याचे उत्तर आहे. मराठवाड्यातील महार व मांग समाजांच्या खाद्यसंस्कृतीची नोंद करताना पाटोळे पदार्थाची कृती आणि तो पदार्थ कोणाच्या ताटात का आला याची कहाणी वेगळी ठेवीत नाहीत. शीर्षकातच 'पूर्णब्रह्म' या रूढ श्रद्धेला दिलेले आव्हान पुस्तकभर टिकते. पाककृतीची रचना रूक्ष सूचनांपलीकडे नेता येते, तिच्यात श्रम, जात आणि टंचाई यांचा इतिहास मावू शकतो, हे या पुस्तकाने सिद्ध केले. रानभाजी-लेखनाला आवश्यक असलेला नमुना परका नाही; तो मराठीतच उपलब्ध आहे.

यावर एक आक्षेप विचारात घेण्याजोगा आहे. इतका तपशील दिल्यास सामान्य वाचक रानभाज्यांकडे वळणारच नाही. सुलभ पुस्तिकांमुळे निदान त्यांची नावे तरी नव्या पिढीच्या कानावर जातात. हा युक्तिवाद घोळ, तांदुळजा यांसारख्या निरुपद्रवी व परिचित भाज्यांपुरता मान्य करता येईल. परंतु कंद, खाजऱ्या वनस्पती व फसव्या साम्याच्या भाज्या यांना तो लागू पडत नाही. तेथे सुलभीकरणाची किंमत वाचकाला आपल्या प्रकृतीने मोजावी लागते.

समारोप व निष्कर्ष :

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. रानभाजी या संज्ञेत जंगल व शेत या दोन्ही अधिवासांचा समावेश होतो; दोहोंतील ऱ्हासाची कारणे भिन्न असल्याने लेखनात ती स्वतंत्रपणे नोंदविणे आवश्यक आहे.

२. रानभाजीच्या पाककृतीत वनस्पतीचे वय, खुडण्याचा काळ, वापरावयाचा भाग व दोषनिवारणाची रीत यांना साहित्य व प्रमाण यांच्या बरोबरीचे स्थान हवे.

३. बोलीनावास शास्त्रीय नावाची व गफलतीच्या वनस्पतीच्या उल्लेखाची जोड नसल्यास ती नोंद सदोष समजावी.

४. माहिती देणाऱ्या व्यक्तीचे नाव व गाव तिच्या संमतीने नोंदविणे हा सौजन्याचा नव्हे, संशोधनशिस्तीचा भाग मानावा.

यांपैकी शेवटच्या मुद्द्याचा संबंध महाविद्यालयांशी थेट येतो. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत 'स्थानिक आदिवासींकडून माहिती मिळाली' असे एका ओळीचे ऋण बहुधा आढळते. प्रयोगवहीत साहित्य, कृती व निरीक्षण लिहिल्याशिवाय आपण गुण देत नाही. मग कडूकंद वाहत्या पाण्यात ठेवणाऱ्या बाईची कृती व निरीक्षण एका ओळीत का संपावे? २००२ च्या जैविक विविधता कायद्यानुसार स्थानिक पातळीवर लोक जैवविविधता नोंदवह्या तयार करण्याची तरतूद आहे. वनस्पतिशास्त्र, मराठी, समाजशास्त्र व गृहविज्ञान या विभागांनी एकत्र येऊन आपल्या परिसरातील दहा रानभाज्यांची जरी पूर्वार्धासह नोंद केली आणि ती संबंधित ग्रामसभेच्या नोंदवहीत जमा केली, तरी प्रदर्शनातील शंभर ताटल्यांपेक्षा ते काम अधिक टिकाऊ ठरेल. उत्तरार्ध लिहिणारे पुष्कळ आहेत. पूर्वार्ध सांगू शकणाऱ्या स्त्रिया वयोवृद्ध होत चालल्या आहेत, आणि त्यांच्या नातींना आठवडी बाजारापेक्षा आपल्या महाविद्यालयाचा रस्ता अधिक परिचित झाला आहे. त्या नाती आज आपल्या वर्गात बसतात. नोंदीचा आरंभ तेथूनच करता येईल.